एक जूनचा एकतीस मे कोण करतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात शिरपूरच्या एका वाचकाचं पत्र होतं. त्यांच्या वडिलांच्या ऑनलाइन अर्जावर जन्मतारीख एक दिवस मागची छापून आली, ती आधारशी जुळली नाही, अर्ज त्रुटीत गेला. इथपर्यंत सगळं खरं असणार. पण पुढे त्यांनी या सगळ्याचं खापर ‘केंद्रावर बसणाऱ्या अर्धवट शिकलेल्या पोरांवर’ फोडलं आहे. मी अमळनेरला असंच एक केंद्र चालवते. सकाळी दाखले, उतारे, अर्ज. दुपारनंतर शटर अर्धं ओढून प्रोग्रॅमिंगची कामं. इथल्या दोन-तीन जिनिंगवाल्यांचं काटापावतीचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं आहे. म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजू मी रोज बघते. त्यामुळे हे उत्तर.

एक दिवस मागे गेलेली तारीख ही टाइप करताना झालेली चूक नसते, हे आधी लक्षात घ्या. टाइप करणाऱ्याचा हात घसरला तर १ चा ११ होईल, ६ चा ९ होईल, साल चुकेल. प्रत्येक माणसाची तारीख बरोबर एकाच दिवसाने, तीही मागेच, सरकवण्याची शिस्त कुठल्याच थकलेल्या ऑपरेटरमध्ये नसते. ती शिस्त यंत्राची आहे.

आपल्याकडे हा घोळ जास्त डोळ्यांत भरतो त्याला कारण आहे. खान्देशात काय, अख्ख्या महाराष्ट्रात, साठीच्या पुढच्या माणसांच्या जन्मतारखा गुरुजींनी ठरवलेल्या. शाळेत नाव घालायला आलं पोरगं, की लाव १ जून. जे शाळेची पायरी चढलेच नाहीत त्यांचं आधार काढताना नुसतं वय सांगितलं गेलं, म्हणून त्यांना त्या सालाचा १ जानेवारी मिळाला. पारोळ्याकडच्या एक आजी माझ्याकडे येतात. तारीख विचारली की सांगतात, “मना जलम आखाजीना.” आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कुठल्या सालची, ते त्यांनाही ठाऊक नाही. आधारवर मात्र १ जानेवारी १९६० आहे. आता यंत्राने एकच दिवस मागे ढकललं, की आजी ३१ डिसेंबर १९५९ च्या होतात. दिवस, महिना आणि साल, तिन्ही खोटे! १ जूनवाल्यांचा ३१ मे होतो. पंधरा ऑगस्टचा चौदा झाला तर माणूस म्हणतो, बारीक चूक. १ जानेवारीचं साल बदललं की जुळवणी करणारा संगणक अर्ज सरळ फेकून देतो.

मी हे शोधलं ते असं. एका संकेतस्थळावर (नाव घेत नाही, उद्या मला त्यांच्याशीच काम आहे) १ जून १९६८ टाकली. पडद्यावर १ जूनच दिसत होती. सबमिट दाबण्याआधी मी कळफलकावरची एफ १२ दाबली. संगणकावरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये ती दाबली की आतलं यंत्र उघडं पडतं, आणि ‘नेटवर्क’ या कप्प्यात आपल्याकडून काय पाठवलं जातंय ते अक्षरन् अक्षर दिसतं. तिथे १९६८-०५-३१ असं गेलेलं होतं. म्हणजे सर्व्हरचा दोष नाही, माझ्या बोटांचाही नाही. माझ्याच संगणकात, त्या पानासोबत आलेल्या जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा), पाठवण्याच्या आधी तारीख बदलली होती.

मग संगणकाचं घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेवर नेलं आणि तोच अर्ज पुन्हा भरला. १ जून अगदी १ जून म्हणूनच गेली. शिरपूरच्या वाचकांनी हसू नये, पण तेव्हापासून त्या एका संकेतस्थळासाठी माझा जुना लॅपटॉप न्यूयॉर्कच्या वेळेवर चालतो. गिऱ्हाईक विचारतात, “ताई, घड्याळ बंद पडलं का?” काय सांगणार!

आतमध्ये घडतं ते समजायला अवघड नाही. वेबपानावर तारखेची जी चौकट असते, ती तुमच्या फोनच्या भाषेनुसार कशीही दिसू दे, तिच्या पोटात तारीख नेहमी साल-महिना-दिवस अशीच असते: १९६८-०६-०१. हा जगभर मान्य झालेला क्रम आहे. आयएसओ ८६०१ नावाचं मानक १९८८ साली आलं त्यातला. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही आयएस ७९०० या मानकात तोच स्वीकारलेला आहे. साल आधी लिहिण्याचा फायदा हा, की नुसता मजकूर म्हणून क्रमाने लावला तरी तारखा आपोआप ओळीने लागतात, आणि ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे हा वाद राहत नाही. एका जिनिंगची जुनी एक्सेल वही मी उघडली होती. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या पावत्यांचे दिवस आणि महिने आपसात बदललेले, तेरापासून पुढे सगळं जागेवर. कारण संगणक अमेरिकन सवयीने महिना आधी वाचत होता, आणि तेरावा महिना काही त्याला सापडेना.

तर चौकटीत तारीख नीट असते. बिघडते ती पुढे. प्रोग्रॅमर ती उचलतो, दिवस-महिना-साल सुटे करतो आणि जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ नावाच्या वस्तूत घालतो. नाव डेट असलं तरी तिच्यात तारीख मावतच नाही. तिच्यात असतो एक आकडा: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या हिशेबाने, किती मिलिसेकंद झाले. म्हणजे तो एक क्षण आहे. जन्मतारखेला तास-मिनिटं नसतात, पण या वस्तूला ती लागतातच. मग ती आपल्या मनाने रात्रीचे बारा धरते, भारतातले बारा. इथवरही बिघडलेलं काही नाही. पण सर्व्हरला पाठवायला मजकूर लागतो, म्हणून प्रोग्रॅमर ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ हे फंक्शन बोलावतो. २००९ च्या आवृत्तीपासून ते भाषेतच आहे. ते नेहमी ग्रिनिचची वेळ, म्हणजे यूटीसी, लिहितं. भारत साडेपाच तास पुढे. १ जूनचे रात्रीचे बारा म्हणजे तिकडे ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा. फंक्शन प्रामाणिकपणे लिहितं: १९६८-०५-३१, मग टी हे अक्षर, मग १८:३०:००.०००, आणि शेवटी झेड. झेडचा अर्थ, ही वेळ यूटीसीची. हे सगळं मिळून चोवीस अक्षरं. क्षण तोच आहे, फंक्शन खोटं बोललेलं नाही. पण प्रोग्रॅमरला हवी असते फक्त तारीख, म्हणून तो पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि उरलेली टाकून देतो. टाकलेल्या त्या चौदा अक्षरांतच खरं काय ते होतं.

एवढी ढोबळ चूक कुणाच्या लक्षात कशी येत नाही, असं कुणीही विचारेल. कारण प्रोग्रॅमचा हा तुकडा जिथे लिहिला जातो तिथे तो चालतो. अमेरिकेत रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीने त्याच तारखेची पहाट. तिथल्या कुणीतरी लिहिलेला तुकडा आपल्याकडचा प्रोग्रॅमर उतरवून घेतो, तिथे बरोबर असलेलं इथे रोज चुकतं. दुसरं म्हणजे चाचणी. चाचणीत बहुतेक जण आजची तारीख घेतात, म्हणजे ‘आत्ताचा क्षण’. सकाळी साडेपाच ते रात्री बारा या वेळेत आत्ताच्या क्षणाची पहिली दहा अक्षरं बरोबरच येतात. चुकतात ती फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच. ऑफिसं तेव्हा बंद असतात.

केंद्रं मात्र तेव्हा चालू असतात. शेवटची तारीख जवळ आली की दिवसा संकेतस्थळ गोल फिरत राहतं, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही रात्री जेवून पुन्हा बसतो, आणि लाइट असेल तर बाराच्या पुढे खरी गाडी धावते. तेव्हा भरलेल्या अर्जांवर अर्ज केल्याची तारीख कालची पडते. एका परीने फायदाच म्हणा, मुदत पहाटे साडेपाचपर्यंत वाढून मिळते! पण हीच गोष्ट दाखल्याच्या वैधतेला किंवा फी भरल्याच्या तारखेला लागली, की पावतीवर एक आणि बँकेच्या एसएमएसवर दुसरी तारीख दिसते, आणि भांडण खिडकीवर माझ्याशी होतं.

हेल्पलाइनला मी कळवलं. उत्तर आलं, “कॅशे साफ करून बघा.” केली. ३१ मे राहिला तो राहिलाच.

काही ठिकाणी चूक कळली आहे, पण दुरुस्ती जुगाडाची. आलेल्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे आणि मग कापायचं. ३१ मे, साडेसहा, अधिक साडेपाच तास, झाली १ जून. सगळे खूश. आता १ जून १९४४ चे एखादे बाबा घ्या, हयातीचा दाखला काढायला आलेले. त्यांची तारीख या दुरुस्तीनंतरही ३१ मेच राहते! कारण दुसऱ्या महायुद्धात सरकारने देशभराची घड्याळं एक तास पुढे केली होती. सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारत यूटीसीच्या साडेपाच नव्हे, साडेसहा तास पुढे होता. ब्राउझरकडे जगाच्या घड्याळांचा इतिहास असतो आणि तो ही गोष्ट विसरत नाही. १ जून १९४४ च्या रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीने ३१ मेचे संध्याकाळचे साडेपाच. त्यात साडेपाच तास मिळवा: ३१ मे, रात्रीचे अकरा. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला तुम्ही कसं सांगणार, की बाबा, युद्धाच्या काळातल्या घड्याळापायी तुमचा दाखला अडला?

जन्मतारीख, लग्नाची तारीख, शेवटची तारीख हे कॅलेंडरवरचे चौकोन आहेत. त्यांना यूटीसीच्या पाण्यात बुडवायचंच नाही. चौकटीतून १९६८-०६-०१ आली, ती तशीच मजकूर म्हणून पाठवा, तशीच साठवा, तशीच काढा. मध्ये डेटची वस्तू कशाला? ही वस्तू ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली दहा दिवसांत भाषा उभी केली तेव्हा जावावरून उचललेली आहे. तिच्यात महिनेसुद्धा शून्यापासून मोजतात, जून म्हणजे पाच. तिची खोड माहीत असूनही इतकी वर्षं चालवून घेतलं गेलं. आता ‘टेम्पोरल’ नावाची नवी सोय आली आहे, फायरफॉक्समध्ये २०२५ पासून आहे. तिच्यात नुसती तारीख ठेवायला वेगळी वस्तू आहे, तिला ना तास ना वेळपट्टा (टाइम झोन). पण त्यासाठी थांबायची गरजच नाही. दहा अक्षरं जशीच्या तशी पुढे द्यायला कुठलीही नवी सोय लागत नाही.

मराठीचा अभिमान असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. जावास्क्रिप्टला ‘मराठी, भारत’ असं सांगून तारीख लिहवली की ती देवनागरी अंकांत येते, १/६/१९६८. बघायला छान वाटतं, आणि पडद्यावर तशीच दाखवावी. पण काही जण तोच मजकूर उलट प्रोग्रॅमला वाचायला देतात. जावास्क्रिप्टला देवनागरी १ हा आकडा म्हणून कळत नाही; उत्तर येतं, ‘अवैध तारीख’. मग इंग्रजी निवडलेल्याचा अर्ज जातो आणि मराठी निवडलेल्याचा अडकतो, आणि लोक मला सांगतात, “ताई, इंग्रजीतच भर, मराठीत साइट चालत नाही.” माणसाला दाखवायचा मजकूर वेगळा आणि यंत्राने यंत्राला द्यायचा वेगळा, एवढं पाळलं तर मराठीची ही बदनामी टळेल.

जिथे खरोखर क्षण महत्त्वाचा असतो, तिथे मात्र नेमकी उलटी काळजी घ्यावी लागते. पैसे भरल्याची वेळ, काट्यावर गाडी चढल्याची वेळ, पावसाची नोंद. तिथे तारीख आणि वेळ लिहून भागत नाही, शेवटी अधिक ०५:३० किंवा झेड लिहावंच लागतं. इंटरनेटसाठी २००२ साली आलेल्या आरएफसी ३३३९ या नियमावलीत तर ते सक्तीचंच आहे. पट्टा न लिहिलेली वेळ म्हणजे काटापावतीवर नुसतं ‘४०’ लिहिणं, किलो की क्विंटल ते ज्याचं त्याने ठरवावं. जावास्क्रिप्टचा तर इथे वेगळाच कायदा आहे. नुसती तारीख दिली की ती यूटीसीची समजायची, आणि तारखेसोबत वेळही दिली पण पट्टा नाही दिला, तर ती त्या त्या संगणकाच्या गावची समजायची. असं का, तर मानकाने मध्येच धोरण बदललं आणि अर्धंच बदललं. आठवडाभर पाठ केलं तरी लक्षात राहत नाही; पट्टा लिहिणं सोपं.

पावसाचं उदाहरण मुद्दाम घेते, कारण पावसाळ्यात आपल्या पानावर मंडळवार तक्ता येतो आणि शेतकरी तो कात्रून ठेवतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साडेआठ हे आपल्याला विचित्र वाटतं, पण ते यूटीसीचे बरोबर तीन आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे पुढे त्यावर हलतात. आता समजा पावसाच्या नोंदी तासातासाने येत आहेत आणि त्यांच्यावर पट्टा लिहिलेला नाही. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने भारतीय साडेआठ हे यूटीसीचे समजले, तर त्याचा दिवस आपल्या दुपारी दोनला संपेल. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या दिवसांत वाटला जाईल, नाहीतर दोन दिवसांचा एकात गोळा होईल. ६५ चा आकडा इकडे ६१ होईल, तिकडे ७०. असं कुठे घडलंय असा माझा आरोप नाही. पण आपल्या तक्त्याखाली ‘सकाळी साडेआठपर्यंतचे चोवीस तास’ एवढी ओळ रोज छापलीत, तर निदान वाचणाऱ्याला दिवस कुठे तोडलाय ते कळेल. कधी असते, कधी जागेअभावी गळते.

माझी मागणी साधी आहे. संकेतस्थळं बनवून घेणाऱ्या कार्यालयांनी निविदेत रंग, बोधचिन्ह आणि साहेबांचा फोटो कुठे लावायचा हे लिहिलेलं असतं, तसं हेही लिहावं: जन्मतारीख दहा अक्षरांचा मजकूर म्हणूनच ये-जा करेल, आणि प्रत्येक वेळेवर तिचा पट्टा असेल. काम ताब्यात घेण्याआधी चार खोटी माणसं भरून बघावीत. एक १ जून १९६८ चा, एक १ जानेवारी १९६० ची, एक २९ फेब्रुवारी २००० चा आणि एक १ जून १९४४ चे बाबा. पोचपावती छापून शेजारी ठेवायची, संपलं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संगणक महाविद्यालयांतल्या सरांनीही प्रात्यक्षिक परीक्षेत हेच विचारावं. आपली मुलं पुण्याला जाऊन हीच संकेतस्थळं लिहिणार आहेत. साडेपाच तासांचा फटका त्यांना तिथे कुणी शिकवत नाही.

केंद्रचालकांनाही सांगते. सबमिटच्या आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असा. एक दिवस मागे गेलेल्या पावत्या वेगळ्या लावा. पाच-दहा जमल्या आणि सगळ्या एकाच दिवसाने मागे असल्या, की तक्रारीत ‘तारीख चुकते’ असं मोघम लिहू नका. ‘रात्रीचे बारा यूटीसीत बदलून पहिली दहा अक्षरं घेतली जात आहेत’ असं लिहा. पलीकडे प्रोग्रॅमर असेल तर त्याला एवढं पुरतं.

चाचणीसाठी तारखांची मोठी यादी मी करून ठेवलेली आहे, तीनही जिल्ह्यांतल्या कुठल्याही कार्यालयाला हवी असेल तर फुकट देईन. त्यातली शेवटची चाचणी मात्र रात्री साडेबाराला अर्ज भरून बघायची आहे, तेव्हा कुणीतरी साहेबांना जागं राहावं लागेल.

कळावे,
आपली वाचक,
एक केंद्रचालक, अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये, ही विनंती.)